पाण्यावरची गाडी आणि ॲव्हरेजचा हिशेब: पेट्रोलियम मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्री, नवी दिल्ली
यांस स. न. वि. वि.

पाण्यावर गाडी चालवणाऱ्याला तेल कंपन्यांनी संपवले आणि सरकारही त्यात सामील आहे, असे सांगणारे मराठी व्हिडिओ आमच्या निपाणी, चिकोडी, खानापूर पट्ट्यात मोबाइलवरून फिरत असतात. मी निपाणीत गॅरेज चालवतो. व्हिडिओच्या मागोमाग जे येते, ते माझ्या दारात उभे राहते.

गाडी पाण्यावर चालवते म्हणून विकले जाणारे किट म्हणजे प्लॅस्टिकची बरणी. आत स्टीलच्या पट्ट्या आणि कॉस्टिक घातलेले पाणी. बॅटरीची वायर पट्ट्यांना, बरणीची नळी एअर फिल्टरला. बुडबुडे डोळ्यांना दिसतात, म्हणून माणसाला पटते. पुढे पाणी तांबूस गढूळ होते, बॅटरी उतरते, नळीतून कॉस्टिक आत गेले तर ॲल्युमिनियम खाते. आणि किटला मोजलेले पैसे बहुतेक वेळा उसाच्या बिलातले असतात.

बुडबुडे खरेच हायड्रोजनचे असतात, त्यात फसवणूक नाही. फसवणूक हिशेबात आहे. पाण्यातून 1 किलो हायड्रोजन सोडवायला प्रत्यक्षात 50 युनिटच्या आसपास वीज लागते. तो जाळून 33 युनिट उष्णता मिळते, आणि तिचाही निम्म्याहून जास्त भाग रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जातो. ती वीज येते अल्टरनेटरमधून, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रातून, आणि अल्टरनेटर फिरतो पेट्रोलवर. यात कोणी काही दडपलेले नाही.

व्हिडिओतला माणूस म्हणजे अमेरिकेचा स्टॅनले मेयर. 1996 मध्ये ओहायोच्या न्यायालयाने त्याला उघड फसवणुकीबद्दल दोषी धरून गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले. 1998 मध्ये तो वारला. विषप्रयोगाची कथा आजही चालते, तपासणीत कारण निघाले मेंदूतली रक्तवाहिनी फुटल्याचे. त्याचे 1990 सालचे पेटंट छापील आहे, मुदत केव्हाच संपली आहे. कुणीही वाचून यंत्र बनवावे, अडवणारे कोणी नाही. आपल्याकडे त्याच 1996 साली तामिळनाडूच्या रामर पिल्लईने पाल्यापासून पेट्रोल बनवल्याचा दावा केला. सीबीआयने खटला भरला आणि शिक्षा झाली 2016 मध्ये. वीस वर्षांनी आलेला निकाल आमच्या गावापर्यंत कोण आणणार?

पण साहेब, माझे गिऱ्हाईक मूर्ख नाही. कंपन्या लपवाछपवी करतात हा त्याचा अंदाज बरोबर आहे. 1921 मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीला इंजिनातली ठोठो थांबवायला पेट्रोलमध्ये शिसे घालायची युक्ती सापडली. अल्कोहोलनेही तेच काम होते, हे त्या मंडळींना ठाऊक होते. पण अल्कोहोल कुणीही गाळू शकतो, शिशाच्या मिश्रणावर मात्र मक्ता मिळतो. म्हणून विषारी शिसे विकले गेले, आणि आपल्या देशात ते थांबायला 2000 साल उजाडले. बाजूला सारलेले ते अल्कोहोल म्हणजे आज आमच्याच उसापासून निघणारे इथेनॉल. हा इतिहास आमच्या पोरांना पाण्याच्या गाडीआधी कळायला हवा.

आता आपल्या खात्याकडे येतो. 2025 मध्ये देशाने पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट गाठले. उसाच्या पट्ट्यातला माणूस म्हणून मला त्याचा आनंद आहे. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे पडणारच. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच जुन्या चारचाकींना 6 ते 7 टक्के आणि दुचाकींना 3 ते 4 टक्के घट सांगितली आहे. ही गोष्ट पंपावर कुठे लिहिली आहे? गिऱ्हाईक मला येऊन विचारतो, ‘गाडी पहिल्यासारखी का देईना?’ त्याला सरकारी उत्तर मिळत नाही, तेव्हा व्हिडिओवाला उत्तर देतो आणि किटही देतो.

म्हणून मागतो ते असे. कोणत्या सालच्या गाडीचे ॲव्हरेज किती पडेल आणि कोणते रबरी भाग बदलावे लागतील, याचा फलक प्रत्येक पंपावर लावा, आणि आमच्या तालुक्यांत तो कन्नडबरोबर मराठीतही लावा. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राने 1956 पासून मान्य केलेले आहे. अफवा आमच्यापर्यंत मराठीत पोहोचते, खुलासा पोहोचत नाही.

दुसरे, या किटची बेळगावात जाहीर चाचणी घ्या. सीएनजीचे किट मान्यताप्राप्त लागते, आरसीवर त्याची नोंद लागते. या बरणीला कुणी काही विचारत नाही. बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, वाहने तपासणारी एआरएआय पुण्यात आहे. किट विकणाऱ्यांना बोलवा, गाडी त्यांचीच असू द्या, पेट्रोल सर्वांसमोर मोजून भरा, आणि निघेल तो आकडा दोन्ही भाषांत छापा. गिऱ्हाइकांना घेऊन मी स्वतः येईन.

आपला,
एक गॅरेजवाला, निपाणी (जि. बेळगाव)