सात नंबर किती जोरात मारायचा

येरवडा, पुणे
रविवार रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

संध्याकाळी कोलकात्याच्या स्पर्धेतून तुझा फोन आला तेव्हा मी इथे गोल्फच्या रेंजवर, सरावाच्या मैदानावर, होतो. मागे बॉल गोळा करायचं मशीन चालू होतं, त्यामुळे निम्मं ऐकूच आलं नाही. "बाबा, सात नंबर पाण्यात गेला", म्हणजे सात नंबरच्या आयर्नने मारलेला बॉल, एवढं मात्र नीट ऐकलं, आणि त्यानंतर तू गप्प झालीस तेही. फोनवर सांगण्याजोगी ही गोष्ट नव्हती, म्हणून वहीची पानं फाडून लिहायला बसलो आहे. आई फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर तिलाच विचार.

तू पाठवलेला व्हिडिओ मी सहा-सात वेळा पाहिला. बॉल पिनपासून, होलच्या झेंड्यापासून, १३८ यार्डांवर, पिनच्या अलीकडे पाणी, आणि तुझ्या हातात सात नंबर. क्लब बरोबर होता. पण डाऊनस्विंग सुरू होताना तुझा उजवा खांदा आधी पुढे आला, डोकं दोन बोटं खाली गेलं, आणि क्लब बॉलच्या मागे जमिनीत घुसला. डिव्हट, म्हणजे क्लबने उडालेला गवताचा तुकडा, बॉलच्या मागून सुरू झालेला व्हिडिओतही दिसतो. एरवी तुझा डिव्हट बॉलच्या पुढे पडतो, पातळ, पोळीच्या तुकड्यासारखा. हा बॉल फॅट गेला तो जोरामुळे. तंत्र तुला येतं, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

आता जोर का लावलास ते बघू. तू म्हणालीस, सकाळपासून प्रत्येक आयर्न पाच यार्ड कमी पडत होता. पडणारच होता. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, कोलकाता जवळजवळ समुद्राच्याच पातळीला. इथली हवा थोडी विरळ, तिथली दाट. सात नंबरच्या अंतराला त्याने दोन-तीन यार्डांचा फरक पडतो. त्यात डिसेंबरची सकाळ. गार हवा आणखी दाट असते, गार बॉलही कमी उसळतो, आणि अंगात दोन स्वेटर असले की खांदे पुरते वळत नाहीत. तुझ्या वहीतली अंतरं आपण ऑक्टोबरच्या दुपारी मोजली होती. (दमट हवा जड असते म्हणून बॉल कमी जातो, असं तिथे कोणी सांगेल. ते खरं नाही. बाष्प असलेली हवा उलट किंचित हलकी असते. दोष गारव्याचा आणि उंचीचा.) म्हणजे तुझा स्विंग सकाळी ठीकच होता. कमी पडलेले पाच यार्ड हवेचे होते, आणि ते तू तुझ्या हातांकडून वसूल करायला गेलीस.

हीच गोष्ट मला तुला आधी सांगायला हवी होती. तुला गाडीत बसवताना डबा, स्वेटर, औषधं सगळं आठवलं, आणि हे राहिलं. चूक माझी आहे.

आता जोराचा हिशोब सांगतो. बॉलचा वेग मोजणारं रडार बनवणाऱ्या ट्रॅकमनने प्रसिद्ध केलेली टूरवरच्या खेळाडूंची सरासरी पाहिलीस तर पुरुषांच्या पीजीए टूरवर सात नंबरचा हेड स्पीड, क्लबच्या डोक्याचा वेग, ताशी नव्वद मैलांच्या आसपास आणि कॅरी, म्हणजे बॉल हवेतून जातो ते अंतर, १७० यार्डांच्या थोडी पुढे आहे. बायकांच्या एलपीजीए टूरवर स्पीड पंचाहत्तरच्या आसपास आणि कॅरी १४० च्या जवळपास. यातून ढोबळ हिशोब निघतो: सात नंबरला एक मैल स्पीड वाढला की दोनेक यार्ड मिळतात. दहा यार्ड हवे असतील तर पाच मैल वाढवावे लागतात. पाच मैल म्हणजे तुझ्या नेहमीच्या स्विंगपासून दात-ओठ खाऊन मारलेल्या स्विंगपर्यंतचं सगळं अंतर. आणि तेच दहा यार्ड बॅगेतला सहा नंबर काढला की मिळतात, एक स्नायूही जास्त न ताणता. मग माझ्या पोरीने पाठ, खांदा आणि एक स्ट्रोक पणाला लावून ते का मिळवायचे?

दिवाळीनंतर आपण रेंजवर केलेला प्रयोग आठवतोय का? सात नंबर, वीस बॉल. दहा अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून, दहा आरामात. मी पलीकडे उभा राहून पावलं मोजत होतो आणि तू माझ्यावर चिडली होतीस, कारण ऊन फार होतं. ती वही माझ्यासमोर आहे. जोरातले दहा: सगळ्यात लांबचा १५६, सगळ्यात जवळचा १३१, सरासरी १४८. आरामातले दहा: १३६ ते १४५, सरासरी १४१. जोर लावून तू सात यार्ड कमावलेस, पण सगळ्यात लांबच्या आणि सगळ्यात जवळच्या बॉलमधलं अंतर नऊ यार्डांवरून पंचवीसवर गेलं. ग्रीन, पिनभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, समजा पुढून मागे अठ्ठावीस यार्ड आहे आणि पिन मधोमध. म्हणजे पिनच्या पुढे चौदा आणि मागे चौदा. आरामातला एकही बॉल ग्रीनबाहेर जात नाही. जोरातल्या बॉलचं मात्र सांगता येत नाही, कारण वहीत डाव्या-उजव्याची नोंद मी केलीच नाही, आणि जोरातले चार बॉल जाळीपर्यंत डावीकडे गेले होते.

आजचा शॉट यात घालून बघ. आरामातले १४१, त्यातून कोलकात्याचे पाच वजा, १३६. पिन १३८ वर. काहीही न करता बॉल पिनच्या दोन यार्ड अलीकडे पडला असता, पाण्याच्या दहा-बारा यार्ड पलीकडे. आणि पाण्याची भीती वाटत होती तर सहा नंबर होताच, पिनच्या मागे पडला असता इतकंच.

तुझ्या आजीची गोफण तू पाहिली नाहीस. ज्वारीला कणसं धरली की ती माळ्यावर उभी राहून पाखरं हाकलायची. हात काडीसारखे, आणि दगड शेताच्या त्या बांधापर्यंत. मी लहानपणी तीच गोफण घेऊन जीव खाऊन फिरवायचो आणि दगड माझ्याच पायाशी पडायचा. ती म्हणायची, ओढू नको, फिरू दे. दोन फेरे सावकाश, तिसऱ्यात वेग आपोआप यायचा, आणि मग ती एक टोक नुसतं सोडून द्यायची. पुढे कॅडी म्हणून मोठ्या खेळाडूंची बॅग उचलायला लागलो तेव्हा मला त्यांच्या हातात तीच गोफण दिसली. क्लबचं वजन टोकाला आहे. वेग टोकाला हवा आणि तो बॉलपाशी हवा. मनगटं आवळली की गोफणीची काठी होते. तू आज ग्रिप आवळली होतीस. डाव्या हाताची बोटं पांढरी पडलेली व्हिडिओतही दिसतात. तू पाच वर्षांची असताना येरवड्याच्या चौकात रस्ता ओलांडताना मी तुझा हात धरायचो. सुटायचा नाही, आणि तुला दुखायचाही नाही. ग्रिप तेवढीच घट्ट.

माझी गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. १९९१ साली अली शेर इंडियन ओपन जिंकला. तो आधी कॅडी होता, आमच्यासारखाच, आणि त्याआधी ही स्पर्धा जिंकलेला कुणीही भारतीय प्रोफेशनल नव्हता. आमच्या कॅडी शेडमध्ये त्या दिवशी पेढे वाटले. तेव्हापासून मी सोमवारी, कॅडींना खेळू द्यायचे त्या दिवशी, एकही सोमवार चुकवला नाही. माझ्याकडे क्लब एकच होता, एका साहेबांनी टाकून दिलेला पाच नंबर. त्याच एका क्लबने मी ९० यार्डही मारायचो आणि १६० ही. ९० साठी ग्रिप खाली धरायची, पाय जवळ घ्यायचे, हात छातीपर्यंतच न्यायचे. सेव्हे बायेस्तेरोस लहानपणी स्पेनमध्ये समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत एका तीन नंबरवर सगळे शॉट शिकला, हे मला फार नंतर कळलं, आणि कळल्यावर रात्रभर झोप लागली नाही. मला वाटायचं, मी गरिबीमुळे तसं खेळत होतो.

मग प्रोफेशनल व्हायची पात्रता फेरी आली. शेवटच्या होलवर मला पार हवा होता, म्हणजे ठरलेल्या स्ट्रोकमध्येच होल संपवायचा होता. १६५ यार्ड. उसन्या बॅगेत चार नंबर होता, पण ग्रीनमागे आमच्या शेडमधली सगळी पोरं उभी होती आणि माझ्या मनात आलं की पाच नंबरने पोहोचवून दाखवायचं. जोर लावला, हात आधी फिरले, बॉल डावीकडे कुंपणाबाहेर. दोन स्ट्रोकनी राहिलो. पुन्हा फी भरण्याएवढे पैसे जमेपर्यंत तुझी ताई झाली होती. मी आयुष्यात सुखी आहे, शिकवण्याचं काम मला आवडतं, पण तो चार नंबर मला अजून बॅगेत दिसतो. म्हणून आज फोनवर माझा आवाज चढला. तुझ्यावर रागावलो नव्हतो.

"आराम" या शब्दाचा मात्र चुकीचा अर्थ घेऊ नकोस. बॉलपाशी येऊन हात सैल सोडणं म्हणजे आराम नव्हे. तसं केलंस तर फॅट जाईल, थिन जाईल, आजच्यापेक्षा वाईट होईल. कमी अंतर हवं असेल तर बॅकस्विंग छोटा कर, ग्रिप इंचभर खाली घे, आणि आहे तेवढ्या स्विंगमध्ये बॉलच्या पार जा. माझी खूण एकच आहे. शॉट मारल्यावर बॉल जमिनीवर पडेपर्यंत डाव्या पायावर तोल धरून उभं राहता आलं पाहिजे, बेल्टचं बकल पिनकडे. आज तू मारल्यावर मागे एक पाऊल टाकलंस. ज्या जोरात तोल जातो तो जोर तुझा नव्हे.

आणि वाऱ्याचं. तिथे दुपारी समोरून वारा येईल. समोरच्या वाऱ्यात जोरात मारलेला सात नंबर जास्त फिरकी घेतो, वर चढतो आणि जागच्या जागी खाली येतो. एक क्लब लांबचा घे, म्हणजे सातऐवजी सहा, दहा यार्डांहून जास्त वारा वाटला तर दोन, बॉल स्टान्समध्ये किंचित मागे, आणि तीन चतुर्थांश स्विंग. रफमध्ये, वाढलेल्या गवतात, गवत ओलं असेल तर उलटं होतं. क्लबचा चेहरा आणि बॉलच्या मध्ये गवत येतं, फिरकी लागत नाही, आणि बॉल ग्रीनवर थांबत नाही. तिथे ग्रीनच्या पुढच्या कडेवर पाडायचा विचार कर.

तुझ्या बरोबरच्या मुलींनी आठ नंबर मारला आणि तू सात, हे मोजू नकोस. तुला कोणीतरी सांगितलंय की पुढचा खेळ लांब मारणाऱ्यांचाच आहे. ड्रायव्हरच्या, सगळ्यात लांब मारायच्या क्लबच्या, बाबतीत त्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. जॅक निकलॉसला त्याच्या गुरूने, जॅक ग्राउटने, पोरवयात आधी जोरात मारायलाच शिकवलं. म्हणूनच मी तुला मंगळवार-शुक्रवार ड्रायव्हर मोकळा मारायला लावतो आणि कधी अडवत नाही. पण आयर्नवरचे नंबर फसवे असतात. माझ्या जुन्या सात नंबरचा लॉफ्ट, चेहऱ्याचा मागे झुकलेला कल, ३५ अंशांच्या जवळ आहे; कल कमी तेवढा बॉल लांब. हल्ली मोठ्या डोक्याच्या सेटमध्ये सात नंबर २८-३० अंशांचे येतात. त्या मुलीचा आठ नंबर कदाचित तुझा सातच असेल.

आणि अदिती अशोकला आठव. टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, ती मैदानातल्या सर्वात कमी लांब मारणाऱ्या मुलींपैकी एक होती. त्याच वर्षी कोविड होऊन गेल्याने अंतर आणखी घटलेलं. बाकीच्या छोट्या आयर्नने ग्रीनवर येत होत्या तिथे ती लांबचे क्लब काढत होती, आणि शेवटच्या दिवशी शेवटच्या होलपर्यंत पदकाच्या शर्यतीत होती. एका स्ट्रोकने चौथी आली. बॅग तिच्या आईने उचलली होती. आपल्या आईने त्या शनिवारी पहाटे चहा ठेवला आणि तू अंथरुणातूनच टीव्ही लावलास, ते मला काल घडल्यासारखं दिसतं.

उद्या सकाळी रेंजवर गेलीस की आधी दहा बॉल वेजने मार. मग सात नंबरचे फक्त आठ, पडलेली अंतरं वहीत लिही, आणि दिवसभर तीच अंतरं खरी मान, ऑक्टोबरची नाही. दोन बॉल खिशात ठेव, म्हणजे उबदार राहतील. एका होलला एक, पुढच्या होलला दुसरा. होल चालू असताना बदलायचा नाही, नियम माहीत आहे तुला.

दुसऱ्या दिवसाचा स्कोअर रात्री कळव, पण आधी जेव. तुझ्या सहा नंबरची ग्रिप गुळगुळीत झालेली व्हिडिओत दिसली. आलीस की बदलून देतो, नवी आणून ठेवली आहे.

तुझे,
बाबा