अभ्यासिकेची किल्ली अजून माझ्याकडेच आहे

काका,

सप्रेम जय भीम.

हे दोन शब्द मी पत्रात पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या घरी ते क्वचित निघायचे आणि निघाले तरी दुसऱ्या कुणाबद्दल बोलताना, जरा आवाज उतरवून. तुम्ही विहाराच्या दारात रोज सकाळी ‘जय भीम, पोरी’ म्हणायचात आणि मी ‘नमस्कार’ पुटपुटून जिना चढायचे. असे तीन महिने गेले. तुम्ही एकदाही टोकलं नाहीत. आभार मानायला मी इथूनच सुरुवात करते. तोंडावर मानायला गेलं की ‘चहा घे’ म्हणून तुम्ही विषय संपवता, म्हणून हे चारचौघांसमोर.

विहाराच्या वरच्या मजल्यावर मी आले ती राज्यसेवेच्या अभ्यासाला. ताईची बदली नागपूरला झाली होती, तिच्या एका खोलीत दोन लहान मुलं, आणि तुमची अभ्यासिका गल्लीच्या टोकाला. धम्माशी माझा काही संबंध नव्हता, कूलरशी होता. पहाटे पाचला बसायचंय म्हटल्यावर तुम्ही जास्तीची किल्ली काढून दिलीत. नाव-गाव नंतर विचारलंत.

बुद्धाबद्दल मला ठाऊक होतं ते शाळेच्या पुस्तकातलं: म्हातारा, रोगी, प्रेत, संन्यासी, आणि शेवटी सगळं दुःखच. पूर्वपरीक्षेत दोनदा आपटलेल्या माणसाला हे आणखी कशाला ऐकवायचं, असं माझं मत होतं.

मग आषाढ पौर्णिमा आली, वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, सुरू झाला, आणि संध्याकाळच्या ग्रंथवाचनाच्या वेळी तुमच्या चष्म्याची काडी तुटली. (ती खरंच तुटली होती का, हा संशय मला अजून आहे.) ‘तुझे उच्चार चांगले आहेत, वाच’ म्हणालात आणि बाबासाहेबांचं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ माझ्या हातात दिलंत. मी निमूट वाचायला लागले आणि सुरुवातीलाच अडखळले. माझाच आक्षेप तिथे बाबासाहेबांनी स्वतः मांडलेला! जन्म दुःख, जरा दुःख, मरण दुःख असेल तर मग उरलं काय. हा तर निराशेचा धर्म झाला. बाहेरच्या माणसाच्या वाटेतली ही मोठी धोंड आहे. मग हे बुद्धाचं मूळ सांगणं की भिक्खूंनी मागाहून घातलेली भर? धर्मग्रंथ असा स्वतःवरच शंका घेऊन सुरू होतो, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आणि सिद्धार्थ घर सोडतो तेही प्रेत पाहून नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय भांडतात, तो युद्धाला नकार देतो आणि त्यापायी परागंदा होतो. आमच्या वाडीत पाटाच्या पाण्यावरून दोन घरांनी वीस वर्षं एकमेकांकडे पाहिलेलं नाही. त्यामुळे हा सिद्धार्थ मला एकदम ओळखीचा वाटला.

वाचन संपल्यावर तुम्ही चपला घालता घालता बोललात, ते मी वहीत उतरवून ठेवलंय. “मी मिलमध्ये फिटर होतो. लूम बंद पडला तर काय बिघडलं ते पाह्यचं. मग काहून बिघडलं. मग दुरुस्त होते का. मग पाना घ्यायचा. आता लूम बिघडला म्हणणारा फिटर रडका असते का?” दुःख, समुदय (कारण), निरोध, मार्ग: बुद्धाची चार आर्यसत्यं. सामान्य ज्ञानासाठी मी हे चार शब्द पाठ केले होते, त्यातला तिसरा काय सांगतो इकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. दुरुस्त होतं, असं तो सांगतो.

तसंच पंचशीलाचं. मला वाटायचं, हे करू नका, ते करू नका अशी यादी असेल. पण प्रत्येक ओळ ‘वेरमणी सिक्खापदं समादियामि’वर संपते. कुणी वरून हुकूम सोडत नाही. अमुक गोष्टीपासून दूर राहण्याचा धडा मी घेते, असं आपणच म्हणायचं. धडा म्हटला की चुकायची मुभा आली, उद्या पुन्हा बसायची सोय आली. परीक्षार्थीला याहून मोठा दिलासा नाही.

तिसऱ्यांदा निकाल लागला त्या दिवशी माझी मैत्रीण पास झाली, मी सहा गुणांनी राहिले. मी दार लावून बसले. तुम्ही बाहेर पायरीवर बसून बाणाची गोष्ट सांगितलीत, संयुत्तनिकायातली. एक बाण लागलेल्या माणसाला लगेच दुसरा लागावा, तसं शरीराच्या वेदनेवर आपण मनाची वेदना चढवतो. “पहिला लागला, लागला. दुसरा आपल्याच हातानं काहून मारून घेते?” मला राग आला होता, खरं सांगते. उपदेश करणं सोपं असतं, असंही मनात आलं. पण तुम्ही उपदेशावर थांबला नाहीत. पाव किलो संत्रा बर्फी आणलीत आणि म्हणालात, “जाय, तिला देऊन ये. पोट दुखन, तरी जाय.” मनात वाढवायच्या चार भावना बुद्धानं सांगितल्या; त्यांत मेत्ता (मैत्री), करुणा आणि उपेक्खा (समतोल) यांच्यामध्ये मुदिता येते, दुसऱ्याच्या आनंदानं आनंदणं. चारींत तीच सगळ्यात अवघड असावी. मी गेले. पोट दुखलं. तिच्या आईनं मलाच घट्ट धरलं आणि त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी, तुम्ही सात वर्षांचे होतात, वडिलांच्या खांद्यावर. आईनं पांढरं लुगडं उधारीवर आणलं होतं. तुम्ही ते हसत हसत सांगितलंत, पण मला हसू आलं नाही. मी या दारात मनाला बरं वाटावं म्हणून बसले. तुमच्या घरानं माणूस म्हणून ताठ उभं राहण्यासाठी ते दार स्वतः बांधलं होतं. माझ्यासारख्या उशिरा आलेल्यांनी हा फरक पुसू नये असं मला वाटतं. ध्यान, शांती, हसरा बुद्ध एवढंच उचलून घरी नेणारे पुष्कळ आहेत. काही दिवस मीही त्यांतलीच होते.

मी दीक्षा घेतलेली नाही. दीक्षेच्या वेळी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत गणपतीला देव न मानण्याचीही एक आहे. घरी गणपतीला मोदक करते, हे मी तुम्हाला भीत भीत सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “बावीस प्रतिज्ञा मी घेतल्या, तू नाही. प्रसाद म्हणून नको, खाऊ म्हणून आणजो.”

परीक्षा काही मी पास झाले नाही. चिपळूणला एका पतसंस्थेत नोकरी करते, कर्जदारांशी बोलते, आणि कुणी काउंटरवर ओरडलं की दुसऱ्या बाणाची आठवण काढते. निम्म्या वेळा आठवतो, निम्म्या वेळा मीही ओरडते.

आवराआवरीत परवा पर्सच्या आतल्या कप्प्यात तुमची किल्ली सापडली. आश्विन पौर्णिमेला, वर्षावासाच्या समारोपाला, नागपूरला येतेय. किल्ली तेव्हा देईन. डब्यात मोदक असतील, खाऊ म्हणून. चष्म्याची काडी बसवून घेतली नसली तरी राहू द्या, शेवटची पानं मी वाचीन.

तुमची,
वरच्या मजल्यावरची कोकणातली पोरगी