शेंडेफळ पुन्हा कॉलेजात

स्टॉकपोर्ट,
रविवार

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

रोज फोन होत असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण ही गोष्ट फोनवर सांगितली असती तर आई, तू "तुला पटतंय ना, मग झालं" म्हणाली असतीस आणि रात्रभर कूस बदलत राहिली असतीस. बाबांनी "हं, आईशी बोल" म्हणून फोन तुझ्याकडे सरकवला असता. म्हणून दादाला सांगितलंय, मोठ्या अक्षरांत छापून आणून दे. बाबा, आधी चष्मा लावून सगळं वाचा, मग काय रागवायचं ते रागवा.

मी अकाउंट्सची नोकरी सोडली. सोडू का असं विचारत नाहीये, राजीनामा देऊन झालाय आणि नव्या ठिकाणी रुजूही झालेय. मँचेस्टरमधल्या एका सल्लागार कंपनीत ट्रान्स्पोर्ट प्लॅनिंगची डिग्री अप्रेंटिसशिप घेतली आहे. आठवड्यातले चार दिवस ऑफिसचं काम, एक दिवस युनिव्हर्सिटीचा अभ्यास, आणि साधारण पाच वर्षांनी पदवी.

अप्रेंटिस म्हटल्यावर बाबांच्या डोळ्यांपुढे काय उभं राहिलं असेल ते मला इथून दिसतंय. एसटी डेपोच्या वर्कशॉपमधली आयटीआयची पोरं, कोपरापर्यंत ग्रीस, आणि मेकॅनिक ओरडतोय, "ए, पाना आण." तशातलं हे नाही. (आणि असतं तरी काय झालं असतं? त्याच पोरांनी तुमच्या गाड्या चालत्या ठेवल्या.) इंग्लंडमध्ये २०१५ पासून ही पद्धत आहे. पूर्ण पदवी मिळते, फक्त वर्गात बसून नाही, काम करता करता. माझ्याबरोबर बारावी झालेली मुलं आहेत तशी माझ्यासारखी संसारी माणसंही आहेत. सगळ्यांत मोठी मीच, ते सोडा.

पैशाचं सांगते, कारण बाबा तोंडाने विचारणार नाहीत आणि मनात बेरजा करत बसतील. इथल्या मुलांना नेहमीच्या मार्गाने पदवी घ्यायची तर २०२५-२६ ला वर्षाला ९,५३५ पौंडांपर्यंत फी होती, आणि बहुतेक जण ती कर्जावर भरतात. मला एक पेनी भरायची नाही. शिकाऊ माणसाकडून फी घ्यायचीच नाही असा नियमच आहे. ज्या कंपन्यांचा वर्षाचा पगाराचा खर्च ३० लाख पौंडांच्या वर जातो, त्यांच्याकडून त्या वरच्या रकमेवर सरकार २०१७ पासून अर्धा टक्का कापून घेतं आणि तो पैसा अशा शिक्षणाला जातो. वर मला पगार आहे. आधीपेक्षा कमी आहे, ते लपवत नाही. पण घराचा हप्ता, किराणा, चिनूचा पोहण्याचा क्लास, सगळं भागून थोडं उरतं. तुमच्या जावयांनी वही घेऊन हिशेब मांडला, मी तो तपासला, आणि मग सही केली. तुमच्याकडून काही नको आहे, आणि आईने पाटल्यांचा विषय काढायचा नाही. एकदा काढल्या तेवढ्या पुरे.

एम.कॉम. वाया गेलं असंही मनात आणू नका. त्यासाठी बाबांनी पतपेढीचं कर्ज काढलं होतं, दोन दिवाळ्या स्वतःला कपडे घेतले नव्हते, ते मी विसरलेले नाही. आधीची पदवी असली तरी इथे चालतं, नवं शिक्षण खरोखर नवं असलं की झालं. आणि आकड्यांशी जी मैत्री झाली ती एम.कॉम.मुळेच. ऑफिसात सगळे कोष्टकं बघून सुस्कारे सोडतात तेव्हा मी मजेत असते.

आता काम काय ते ऐका. समजा गावाबाहेर शेतजमिनीवर कुणाला तीनशे घरं बांधायची आहेत. नगरपालिका विचारते, सकाळी आठ ते नऊ या तासात या घरांतून किती गाड्या रस्त्यावर येणार? पुढच्या चौकाला ते झेपेल का? पोरं शाळेत चालत जातील की आया सोडायला गाड्या काढतील? यासाठी ट्रिक्स नावाचं मोठं कोठार आहे माहितीचं, देशभरातल्या अशाच वसाहतींवर उभं राहून केलेली मोजणी त्यात आहे. तिथून आपल्यासारखी ठिकाणं निवडायची, आकडे काढायचे, चौकाचं गणित संगणकावर मांडायचं. मग बस. थांबा घरापासून साधारण चारशे मीटरच्या आत असावा असा इथला जुना दंडक आहे. नकाशावर तो चटकन जमतो. जाग्यावर गेलं की कळतं, मध्ये चढ आहे, फूटपाथ अर्ध्यात संपतो, आणि रस्ता ओलांडायला जागाच नाही. परवा मी पावसात तसा एक रस्ता चालून बघितला. सोबतचे साहेब म्हणाले, "लिहून घे, हे नकाशात दिसत नाही." मला तुमची केबिन आठवली, बाबा. तिथेही विभागाकडून वेळापत्रक छापून यायचं आणि तुम्ही लाल पेनाने शेरे मारायचात.

मुलाखतीत विचारलं, या क्षेत्रात का यायचंय? मी पाठ करून गेलेलं सगळं बाजूला राहिलं आणि मी खानापूरच्या गाडीचं सांगितलं. शाळा सुटायची पाचला, गाडी निघायची पावणेपाचला, आणि पुढची थेट मुक्कामाची. अहिल्याबाई होळकर योजनेचा मुलींचा फुकट पास हातात, आणि गाडीच नाही. आठवीनंतर पोरी घरी बसायला लागल्या. तुम्ही विभागाला पत्रावर पत्र टाकलीत, भारमानाचे, म्हणजे गाडी किती भरते त्याचे, आकडे जोडलेत, आणि शेवटी गाडी अर्धा तास पुढे ढकलून घेतलीत. बस तीच, चालक तोच, डिझेल तेवढंच. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "तुमचे वडील ट्रान्स्पोर्ट प्लॅनर होते का?" मी म्हटलं, नाही, विटा स्टँडवर कंट्रोलर होते. त्या म्हणाल्या, "मग होतेच की." हे तुम्हाला फोनवर सांगता आलं नसतं, गळा भरून आला असता माझा.

तुम्हाला आवडेल अशी अजून एक गोष्ट. या देशात २६ ऑक्टोबर १९८६ ला लंडन सोडून बाकी सगळीकडच्या बसगाड्या मोकळ्या सोडल्या. कुठल्याही कंपनीने नोंदणी करावी आणि हव्या त्या मार्गावर गाडी घालावी. परिणाम तुम्ही न सांगता ओळखाल. जिथे उत्पन्न तिथे एकामागे एक गाड्या, आणि वाडीवस्तीला कुणी नाही. एका कंपनीचं तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नसे. २०१७ ला कायदा बदलला आणि मँचेस्टरने मार्ग, वेळा, भाडं सगळं परत सरकारी हातात घेतलं. सप्टेंबर २०२३ ला बोल्टन-विगनपासून सुरुवात झाली आणि ५ जानेवारी २०२५ ला आमच्या स्टॉकपोर्टसकट सगळा भाग आला. गाड्या कंपन्याच चालवतात, पण वेळापत्रक प्राधिकरणाचं आणि रंग सगळ्यांचा एकच, पिवळा. तुमची लाल परी, आमची पिवळी. एसटीने १९४८ पासून जे केलं ते इथे जवळजवळ चाळीस वर्षं मोडून पुन्हा जोडतायत, आणि नेमक्या त्या वेळी मी शिकायला आलेय. अशी वेळ परत यायची नाही.

आई, तुझ्यासाठी एक. इथली बस थांब्याला लागली की फुस्स करून फूटपाथच्या बाजूला झुकते. पायरीच नाही, सपाट आत. काल एक आजी ढकलगाडीसकट चढल्या, कुणाचा हात न धरता, आणि त्या बसेपर्यंत चालकाने गाडी हलवली नाही. मला तू आठवलीस, विट्याच्या स्टँडवर पहिल्या पायरीशी थांबून दांडा शोधणारी. आमचं नवं बसस्थानक २०२४ ला झालं, त्याच्या छपरावर बाग आहे आणि शेजारी १८४० चा सत्तावीस कमानींचा विटांचा रेल्वेपूल. तू येशील तेव्हा तिथे बाकावर बसून शेंगा खाऊ.

माझी काळजी करू नका. ऑफिस उबदार आहे, घरापासून ट्रेनने जेमतेम पंधरा मिनिटं. डबा घरचाच नेते. लाँगसाइटच्या दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी थापायला तुझ्याइतकी नाही पण फाटत नाही एवढी येते. पावसाळी कोट चांगला घेतलाय, बूटही. युनिव्हर्सिटीच्या दिवशी चिनूला तुमचे जावई आणतात, त्या दिवशी पिठलं-भात ठरलेला. अभ्यास रात्री नऊ ते अकरा. जागरण नाही, शपथ.

आता जे लिहायला हात अडतोय ते. दोन-तीन वर्षांत परत येऊ असं मी म्हटलं होतं. वरची खोली तुम्ही त्यासाठीच बांधलीत, हे दादा बोलला नसता तरी मला कळलं असतं. ते आता पुढे गेलं. पदवी हातात येईल तेव्हा बाबा ऐंशीचे असतील. हे गणित मी सहीच्या आदल्या रात्री केलं होतं, आणि तरी सही केली. कारण आणखी दहा वर्षं दुसऱ्यांच्या पगारपत्रकांत मान घालून बसले असते तर मी परत आले असते, पण किरकिरी होऊन. तुमचं शेंडेफळ किरकिरं झालं तर सगळ्यात जास्त त्रास आईलाच, लहानपणापासून. पाच वर्षांनंतर तिकडे की इकडे, ते आत्ता खोटं खोटं ठरवत नाही. पण डिसेंबरची तीन आठवड्यांची रजा मी आधीच मागून ठेवली आहे आणि दरवर्षी मागणार. मे-जूनला तुम्ही या. थंडी नसते, आई, रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तुला दिवेलागणीचा हिशेबच लागणार नाही. खोली बंद ठेवू नका. दादाच्या पोरांना अभ्यासाला द्या, माझं काही बिघडत नाही.

बाबांनी ऐकायचं ते आता. ब्लॉकेजनंतर दिलेली गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाही. "बरं वाटतंय" हे गोळी बंद करायचं कारण नसतं. साखर सकाळी उपाशीपोटी तपासायची आणि वहीत लिहायची, तुम्ही कंट्रोलर आहात, नोंद नाही तर गाडी सुटली नाही. पंच्याहत्तरी झाल्यापासून अमृत ज्येष्ठ नागरिकचं कार्ड खिशात घालून आज पंढरपूर, उद्या कोल्हापूर चाललंय, ते मला वहिनीकडून कळतं. तिकीट फुकट आहे, तब्येत नाही. आठवड्यातून एकच फेरी, तीही सकाळची, आणि सोबत पाणी. उन्हात स्टँडवर उभं राहून नव्या कंट्रोलरला शिकवायचं नाही.

आणि आई, गुडघ्यासाठी मिरजेला जायचंच आहे. नंबर दादाने घेतलाय. तुला अर्ध्या तिकिटात जाता येतं, पण त्या दिवशी एसटी नाही, गाडी करायची, पैसे मी पाठवलेत, ते देवळाच्या वर्गणीत जाऊ देऊ नकोस. ऑपरेशन लगेच करा असं कुणी म्हणत नाहीये, फक्त दाखवून ये. पाटावर बसून भाकरी करणं आजपासून बंद. ओटा कशाला बांधलाय?

दोघांनी मिळून ठरवा, मे महिन्याची कुठली तारीख चालेल. व्हिसाचे कागद मी करते. तुम्ही दोघांनी फक्त बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला व्हिसा केंद्रावर जायचं आहे.

तुमची
माई

ता. क. : चिनूने आजोबांसाठी पिवळ्या बसचं चित्र काढलंय, ते सोबत आहे. चाकं पाच आहेत, काही बोलू नका. आणि कुणी येणार असेल तर शेंगदाण्याची चटणी पाठव. लोणचं नको, मागच्या वेळी बॅगेत सांडलं.