बाबा, ठेव मोडू नका

सोलापूर,
१८ जानेवारी २०२६

तीर्थरूप आई व बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

भोगीच्या दिवशी फोनवर बाबा "गाडी घेऊन टाक, ठेव मोडून तीन लाख पाठवतो" एवढे बोलून मोकळे झाले आणि मी "बघते" म्हणून फोन ठेवला. त्यानंतर पाच दिवस मी हाच विचार करत आहे. फोनवर बाबांचा आवाज ऐकला की मला "हो" शिवाय दुसरे काही सुचत नाही, आणि आकडे कागदावर उतरवल्याशिवाय माझे समाधान होत नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. संस्थांचे हिशेब तपासून पोट भरणाऱ्या मुलीने स्वतःच्या घरचा एवढा मोठा खर्च तोंडी ठरवावा, हे मला पटत नाही.

गाडीची माहिती आधी सांगते. ह्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ पुण्यात राहतात व आता परदेशी नोकरीला निघाले आहेत. त्यांची टाटा अल्ट्रोझ, डिझेल, नोव्हेंबर २०२४ चे पासिंग, चौदा महिन्यांत ११,००० किलोमीटर चाललेली आहे. ते आठ लाख रुपये मागतात. आपल्या २०१४ च्या पेट्रोल गाडीला इथला व्यापारी पावणेदोन लाख देतो म्हणतो. म्हणजे आपल्या खिशातून सव्वासहा लाख जाणार. तुम्ही मागेच म्हणाला होतात की डिझेल स्वस्त पडते, पैसे तीन-चार वर्षांत वसूल होतील. मलाही आधी तसेच वाटत होते. म्हणून ऑक्टोबरपासून तेरा आठवडे मी वही ठेवली. बाबा एसटीत ड्युटीवर असताना खिशात ठेवायचे तशीच ती छोटी लाल वही आहे.

त्या तेरा आठवड्यांत माझे ३,९०० किलोमीटर झाले. त्यातले सुमारे २,९०० बाहेरचे आहेत, म्हणजे करमाळा, सांगोला, बार्शी, अक्कलकोट आणि तुमच्याकडे पंढरपूर. उरलेले हजार शहरातले, जुळे सोलापूर ते सात रस्ता आणि परत. याच गतीने वर्षाचे साधारण १५,६०० होतात. जुनी गाडी लिटरला पंधरा देते, ही डिझेल वीस देईल असे धरले. पेट्रोल १०४ रुपये व डिझेल ९१ रुपये या भावाने पेट्रोलचा वार्षिक खर्च एक लाख आठ हजार येतो आणि डिझेलचा एकाहत्तर हजार. वर्षाला सदतीस हजार वाचतात खरे, पण सव्वासहा लाखांना सदतीस हजारांनी भागा, उत्तर जवळजवळ सतरा वर्षे येते. इंधन वाचावे म्हणून चालती गाडी बदलणे हा व्यवहार होत नाही, हे मला हिशेब मांडला त्या रात्री लख्ख दिसले.

पण मग माझ्या असेही लक्षात आले की आपण दोन निरनिराळे प्रश्न एकात गुंतवून बसलो आहोत. गाडी बदलायची का, हा एक प्रश्न आणि बदलायचीच असेल तर डिझेल घ्यायची का, हा दुसरा. डिझेलच्या बचतीने पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्याचे उत्तर वेगळ्याच कारणांनी मिळते, आणि ते "हो" असे आहे.

ते कारण मी आईला आजवर सांगितलेले नाही. नोव्हेंबरात सांगोल्याहून परत येताना मंगळवेढ्याच्या अलीकडे अंधारात उसाची दुहेरी ट्रॉली रस्त्यावर उभी होती. मागे ना दिवा, ना लाल पट्टी. मी ब्रेक दाबला तेव्हा चाके जागीच जाम झाली आणि गाडी स्टिअरिंगचे न ऐकता घसरत गेली. ट्रॉलीपासून हातभर अंतरावर ती थांबली. आपल्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही आणि एअरबॅगही नाही. तेव्हा या गोष्टी सक्तीच्या नव्हत्या, आणि तुम्ही जी गाडी घेतलीत ती त्या वेळच्या ऐपतीप्रमाणे उत्तमच होती. एबीएस २०१९ पासून नव्या गाड्यांना बंधनकारक झाले, एअरबॅगही त्याच सुमारास आली. अल्ट्रोझला जानेवारी २०२० मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर-चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले होते. साखर कारखान्यांचा हंगाम आणि माझ्या फेऱ्या दरवर्षी एकाच वेळी चालणार असतील, तर मला ब्रेकवर विश्वास ठेवता येईल अशी गाडी हवी. जुनीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२९ मध्ये संपेल. तोवर थांबायची माझी तयारी नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि इथे बाबांशी थोडा वाद घालणे भाग आहे. बाबा, तुम्ही तीस वर्षे ज्या डिझेलवर बसलात ते डिझेल आता उरलेले नाही. तुमचे इंजिन काळा धूर सोडायचे आणि काहीही घातले तरी पचवायचे. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुरासाठीचे बीएस-६ नियम लागू झाले आणि धुरातली काजळी अडवायला सायलेन्सरच्या मार्गात गाळणी आली, तिला डीपीएफ म्हणतात. ही गाळणी काजळी साठवते आणि पुरेशी भरली की इंजिन ती जाळून टाकते. जाळायला साडेपाचशे-सहाशे अंशांची उष्णता लागते, आणि ती मिळायला गाडी वीस-पंचवीस मिनिटे सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. शहरातल्या शहरात चार किलोमीटर जाऊन बंद केलेल्या गाडीत गाळणी भरत जाते, जाळण्याचे काम अर्धवट सुटते आणि शेवटी पॅनेलवर दिवा लागतो. याच खर्चापायी कंपन्यांनी लहान गाड्यांतले डिझेल सोडले. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणे थांबवले, पुढे आय-ट्वेन्टीचे डिझेलही गेले. आज हॅचबॅकमध्ये डिझेल घ्यायचे तर अल्ट्रोझच उरते.

म्हणून वहीतले ते हजार शहरी किलोमीटर मला खुपतात. यावर माझा तोडगा असा आहे की शहरात मी स्कूटीने फिरेन आणि गाडी फक्त बाहेरगावी काढेन. डिझेलच्या तब्येतीला ते मानवेल. मात्र त्यामुळे वार्षिक फिरणे ११,६०० किलोमीटरवर येते आणि बचत आणखी घटते, हे गमतीचे आहे. ज्या उपायाने डिझेल टिकते, त्याच उपायाने डिझेल घेण्याचे कारण कमकुवत होते.

याच वयाची, याच दर्जाची पेट्रोल गाडी मला इथे होटगी रस्त्यावर पावणेसात लाखांत दिसली आहे. ती लिटरला सतरा देईल असे धरले, तर ११,६०० किलोमीटरला डिझेलमागे वर्षाला अठरा हजार वाचतात. आठ लाखांना डिझेल घेतली तर वरचे सव्वा लाख फिटायला सात वर्षे लागतील, आणि त्यात डिझेलच्या सर्व्हिसिंगचा जादा खर्च धरलेलाच नाही. सात लाख चाळीस हजारांना मिळाली तर मात्र फरक पासष्ट हजारांचा राहतो आणि तो साडेतीन वर्षांत फिटतो. माझी मर्यादा ७,४०,००० रुपये आहे ती अशी ठरली. सीएनजीचाही विचार केला होता, पण पंपावरची रांग आणि भरलेली डिकी पाहून सोडून दिला. तुमच्याकडून निघताना ज्वारीचे पोते, शेंगा आणि आईची लोणच्याची बरणी कुठे ठेवायची?

डिझेलच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, ती सांगताना मला हसू येते. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुनी गाडी त्यासाठी बनवलेली नाही, तिचे अॅव्हरेज उतरले आहे आणि मिस्त्री रबरी नळ्यांवर लक्ष ठेवायला सांगतो. आपला ऊस कारखान्यात जातो, तिथे त्याचे इथेनॉल होते आणि ते माझ्याच टाकीत येऊन पडते. बाबांना उसाचे बिल वेळेवर मिळावे आणि माझी गाडी मात्र डिझेलवर पळावी, अशी माझी आप्पलपोटी इच्छा आहे असे समजा.

किमतीविषयी मी त्या गृहस्थांशी जे बोलणार आहे, तेही सांगून ठेवते. ते त्यांनी स्वतः दिलेल्या रकमेतून खाली मोजतात. मला आजच्या नव्या गाडीच्या किमतीतून खाली मोजायचे आहे. चार मीटरच्या आतल्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि वर ३ टक्के उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो सरळ १८ टक्के झाला. त्यांच्या बिलावरची शोरूम किंमत नऊ लाख होती, तीच आज सुमारे आठ लाख अकरा हजार झाली असती. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या डिझेल गाडीवर १३ टक्के एकरकमी रस्ता कर लागतो (पेट्रोलवर ११), आणि तो त्यांनी भरला म्हणून गाडीची किंमत वाढत नाही. त्यातच गेल्या मे महिन्यात याच गाडीचे नवे रूप बाजारात आले, त्यामुळे त्यांचे मॉडेल जुने दिसू लागले आहे. त्यांचे नुकसान सरकारी निर्णयाने झाले याचे मला वाईट वाटते, पण ते मी का भरून द्यायचे?

आई, तुझ्या गुडघ्यांचा विचार मी केलेला आहे. तिची दारे सरळ नव्वद अंशांत उघडतात, त्यामुळे पाय आत घेताना तुला वळावे लागणार नाही. पण "आईसाठी घेते आहे" असे मी कोणाला सांगणार नाही, कारण वर्षातून तू त्या गाडीत दहा-बारा वेळा बसशील आणि मी रोज बसेन. पाच दिवसांत मला सर्वांत जास्त त्रास याच गोष्टीचा झाला. हिशेब जिथे जिथे डळमळला, तिथे तिथे मी तुमचे दुखणे, दवाखाना, वारीची गर्दी असे काहीतरी त्यात भरत होते. ते सगळे खोडून टाकले आणि मग वर लिहिले ते उरले.

पैशांचे असे ठरवले आहे: जुनीचे पावणेदोन लाख, माझ्या बचतीतले दोन लाख पासष्ट हजार आणि उरलेल्या तीन लाखांचे कर्ज. वापरलेल्या गाडीला व्याज थोडे जास्त पडते, हे मला ठाऊक आहे. तरीही, बाबा, ठेव मोडू नका. मुदतीआधी मोडली तर व्याज कापले जाते हे तर आहेच, पण ती ठेव तुमच्या दोघांच्या औषधपाण्याची आहे आणि माझ्या गाडीचा हप्ता हे औषधपाणी नाही. तुम्ही रागवाल हे धरून लिहिते आहे.

तुमच्याकडून मला पैशांपेक्षा मोलाची मदत हवी आहे. येत्या रविवारी, २५ तारखेला, मी पुण्याला गाडी पाहायला जाणार आहे. मी पहाटे साडेपाचला निघते, तुम्ही पहिल्या एसटीने टेंभुर्णीला या, सातच्या सुमारास स्टँडवरून तुम्हाला घेते. आम्ही पोहोचेपर्यंत गाडी चालू करू नका, असे त्या गृहस्थांना बजावून ठेवले आहे, कारण थंड इंजिन चालू होतानाचा आवाज मला तुमच्या कानांनी ऐकायचा आहे. चौदा महिन्यांत ११,००० म्हणजे दिवसाला पंचवीस-सव्वीस किलोमीटर, तेही बहुधा पुण्याच्या सिग्नलांमध्ये, आणि मला भीती त्याचीच आहे. ऑइलची पट्टी तुम्ही स्वतः काढून पाहा. काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल सोडले जाते, आणि काम वारंवार अर्धवट राहिले तर ते डिझेल खाली ऑइलमध्ये उतरते. पातळी वरच्या खुणेच्या वर दिसली किंवा वास डिझेलचा आला, तर चहासुद्धा न घेता परत फिरायचे.

कागद मी पाहीन. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) व बोजा उतरवण्याचा नमुना ३५, हस्तांतरासाठी नमुने २९ आणि ३०, सर्व्हिसची सगळी बिले, आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावे. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट, त्यांच्याकडेच राहतो, म्हणून विम्याचा फरक भरावा लागेल, तोही मी धरला आहे. नंबर एमएच-१२ चाच राहील. आई, तुला एमएच-१३ च हवा होता हे माहीत आहे, पण राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही.

ते ७,४०,००० ला तयार झाले नाहीत तर मी होटगी रस्त्यावरची पेट्रोल घेईन आणि वर्षभर बाबांची बोलणी ऐकून घेईन. येताना तुमची जुनी विजेरी आणि जाड काचेचा चष्मा आणायला विसरू नका. आईला कडक भाकरी आणि शेंगाचटणी तुमच्याबरोबर परत पाठवते. गुरुवारी रात्री फोन करून येण्याचे नक्की कळवा.

तुमची मुलगी