साडेसतरा गुण

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की बाबा गप्प होतात आणि आई "जेवलीस का" विचारते, म्हणून लिहिते आहे. सांगायचं ते आधीच सांगून टाकते: आम्ही विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस दिली आहे. आई, पत्र पूर्ण वाच, मग बीपीची गोळी शोधायला ऊठ.

बाबा, तुम्ही त्याची पत्रिका मांडून पाहिलीत हे मला कळलंय. साडेसतरा गुण. ३६ पैकी निदान १८ लागतात, त्याला अर्धा कमी. नाडीचे ८ च्या ८ गेले, गणाचे ६ गेले. म्हणजे उरलेल्या २२ पैकी तो साडेसतरा घेऊन आला, हे काही तुम्ही आईला सांगितलं नाहीत! आणि म्हणे तो राक्षसगणी, मी देवगणी. आपल्या घरात दारं आपटायचं कोण, हे आईला विचारा.

मंगळाचं मी मनावर घेत नाही. पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं अशी १२ पैकी ५ घरं त्याला दिली की निम्मं गाव मंगळाचं निघायचंच. शिवाय दोघांनाही आहे, म्हणजे तुमच्याच नियमाने परिहार झाला, दोष कटला.

खरा घोर माझ्या पत्रिकेतल्या सातव्या, म्हणजे लग्नाच्या, घरातल्या शनीचा. आत्या आली की स्वयंपाकघरात आवाज खाली जायचा, आणि मला वाटायचं माझ्यात काहीतरी कमी आहे. पण कुंडलीची चौकट आखायला मला तुम्हीच शिकवलंत ना बाबा, मांडीवर बसवून, माझा हात धरून? मग ऐका. माझं कर्क लग्न, म्हणजे पहिल्या घरात कर्क रास, सातव्या घरात मकर, आणि मकर ही शनीची स्वतःची रास. सप्तमेश, म्हणजे सातव्या घराचा मालक, सप्तमातच बसलाय. शनीला दिग्बल, म्हणजे दिशेचं बळ, मिळतं तेही सातव्याच घरात. लग्नी, म्हणजे पहिल्या घरात, उच्चीचा गुरू, त्याची पूर्ण दृष्टी या शनीवर. केंद्रात स्वराशीचा शनी म्हणजे शश योग, चांगला योग, हे तुमच्या जुन्या वहीत तुमच्याच अक्षरात आहे. आता तुम्ही म्हणाल, तोच शनी अष्टमेशही, म्हणजे आठव्या अशुभ घराचाही मालक, होतो. होतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण सातवा शनी लग्नाला उशीर करतो, जोडीदार वयाने मोठा, पोक्त, संसाराचे चटके खाल्लेला देतो, असंच सांगत आलात ना? माझी चौतिशी उलटली. तो आठ वर्षांनी मोठा आहे. त्याचा एक संसार मोडलेला आहे. शनीने याहून अचूक काय द्यायला हवं होतं? तुमचं शास्त्र मी झुगारते आहे असं मनात आणू नका. तुम्ही केलेलं भाकीत खरं ठरलंय, एवढंच.

राहिला नवमांश, राशीचे नऊ भाग करून लग्नासाठी पाहतात ती कुंडली. नवमांश लग्न साधारण १३ मिनिटांनी बदलतं, आणि माझी जन्मवेळ आई साडेबारा सांगते, आत्या पाऊण. कुणाच्या घड्याळावर तुम्ही माझं सातवं घर बिघडवताय? ताईच्या वेळी वेळ, गुण, नवमांश सगळं चोख होतं. पुढचं मी लिहीत नाही.

नाडीवरून तुम्हाला मुलाबाळांची काळजी वाटते, ते जाणते. त्याला एक मुलगी आहे, ती आमच्याचकडे राहणार आहे. मला नावाने हाक मारते आणि गणितात माझ्यासारखीच रडते. आई, तुला नातवंडं नकोत असं मी म्हणत नाही गं. जे होईल ते होईल. पण तिला भेटलीस की पत्रिका विचारू नकोस, एवढं ऐक.

मी लांब जात नाहीये. घर तुमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर बघितलंय, मुद्दामच. रविवारी येणार म्हणजे येणार. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी रजा मीच टाकली आहे, कुणाला सांगायची गरज नाही. तोवर भिंग लावून पंचांग वाचणं बंद. न्हाणीघरात धरायला दांडी बसवणारा माणूस येईल, त्याला "आम्हाला लागत नाही" म्हणून परत पाठवू नका. औषधांच्या डबीत मी वार लिहिलेत, ते वारानेच घ्या.

आणि आई, माझ्यासाठी धरलेले शनिवार आता सोड. शुगर असताना दिवसभर शेंगदाण्यांवर राहतेस आणि संध्याकाळी चक्कर येते, ते बाबा मला सांगतात. ताप आला की तू उशाशी बसून स्तोत्र म्हणायचीस, कपाळावरची पट्टी बदलत. अजून झोप लागली नाही की मी तेच पुटपुटते, मध्येच विसरते, पुन्हा पहिल्यापासून. ते म्हणत जा. उपास मात्र नको. उद्यापन करायचं असेल तर मी येते, आपण करू, पण या महिन्यातच.

बाबा, तुमच्यासाठी एक काम ठेवलंय. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं आणि नोटिशीपासून ३ महिन्यांच्या आत लग्न करावं लागतं. मधला दिवस आम्ही ठरवलेला नाही. तो तुम्ही काढा. तीन साक्षीदार लागतात. दोन झालेत, तिसरी सही तुमची हवी आहे. नाही जमलं तर मी रुसणार नाही, पण दिवस तरी तुम्हीच काढा. राहुकाळ टाळा, हवं तर अमृतसिद्धी योग बघा, फक्त रविवार नको, कार्यालय बंद असतं. आणि सकाळचाच धरा, दुपारी आईच्या जेवणाची वेळ चुकते.

तुमची,
धाकटी