शिंगवाल्या बेडकाच्या पिल्लाची निगा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फोटो पोचला. पिल्लाचे डोळे स्वच्छ आहेत, अंगावर तजेला आहे आणि निम्मं अंग त्याने मातीत पुरून घेतलंय, म्हणजे सध्या तरी ठीक आहे. पण टाकीच्या तळाला रंगीत खडे दिसले. ते हे पत्र वाचून झाल्याबरोबर काढ. हा बेडूक दबा धरून बसतो आणि समोर जे हलेल त्यावर आ वासून झेप घेतो. किड्याबरोबर खडा पोटात गेला की आतड्यात अडकतो, आणि एवढ्याशा जिवाला तो बाहेर टाकणं जमत नाही.

खड्यांऐवजी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा घे. नर्सरीत त्याची वीट मिळते, पण खत मिसळलेली नको. भिजवून दोन-तीन पाण्यांनी धू, कारण नारळाच्या काथ्यात क्षार असतात. मग मुठीत घेऊन घट्ट पिळ: एखाद-दुसरा थेंब गळाला तर बरोबर, धार लागली तर जास्त ओलं. साधारण ५-६ सेंटिमीटर थर दे, म्हणजे त्याला पूर्ण गाडून घेता येईल. मोठ्या काचेच्या टाकीची आत्ता घाई नाही. झाकणाला भोकं पाडलेला ३० बाय २० सेंटिमीटरचा प्लॅस्टिकचा डबा पुरे. मोठ्या जागेत किडा कोपऱ्यात दडतो आणि पिल्लू उपाशी राहतं. पूर्ण वाढ झाल्यावर ४० लिटरची टाकी लागेल. त्यातही तो एकटाच. दुसरा बेडूक सोबतीला ठेवलास तर तो त्याला गिळायला बघेल.

आता पाण्याचं नीट वाच, कारण बहुतेक पिल्लं इथेच हातची जातात. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून शोषून घेतो. तो लघवी करतो त्याच मातीत बसतो. ती लघवी कुजून अमोनिया तयार होतो आणि पाण्याबरोबर तोच विषार पुन्हा अंगात शिरतो. वरून माती स्वच्छ दिसते, म्हणून आपल्याला कळत नाही. तेव्हा विष्ठा दिसली की आसपासच्या मातीसकट चमच्याने उचल, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी सगळं कोकोपीट बदल. वास येईपर्यंत थांबू नकोस, वास आला म्हणजे उशीरच झाला. एरवी दगडासारखा बसणारा बेडूक डब्यात सैरावैरा फिरायला लागला, मागचे पाय ताणून थरथरायला लागला किंवा डोळे गढूळ झाले, तर त्याला लगेच स्वच्छ पाण्यात ठेव. पाणी हनुवटीच्या खालीच राहील इतकं उथळ हवं, आणि ते दर काही तासांनी बदलायचं. तो सावरेपर्यंत खाऊ घालू नकोस.

पाण्यासाठी कुंडीखालची मातीची बशी चांगली, त्यातून त्याला सहज बाहेर येता येतं. हा बेडूक पोहण्यात कच्चा आहे, खोल भांड्यात बुडेल. बशीतलं पाणी रोज बदल. नळाचं पाणी थेट नको, क्लोरीन त्याच्या कातडीला झोंबतं. माशांच्या दुकानात अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाल. ते नसेल तर पसरट भांड्यात पाणी २४ तास उघडं ठेव.

हे मूळचे दक्षिण अमेरिकेतले, अर्जेंटिना-पॅराग्वेकडच्या सपाट गवताळ आणि झुडपी मुलखातले. त्याला २५ ते २८ अंश मानवतं. ३० च्या वर जाऊ द्यायचं नाही. कोल्हापुरात त्रास खरा मार्च ते मे. तेव्हा डबा खालच्या खोलीत, फरशीवर, भिंतीलगत ठेव. गच्चीखालच्या खोलीत अजिबात नको. फारच तापलं तर गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून डब्याला बाहेरून टेकव. कूलर आणि पंख्याचा झोत लागू देऊ नकोस. माती कोरडी पडली की तो जुन्या कातडीचे थर अंगावर साठवून कोषात जातो, मेल्यासारखा दिसतो. ती कातडी ओढून काढायची नाही. उथळ, कोमट पाण्यात ठेवलंस की सुटेल. एरवीही तो कात टाकतो आणि तोंडात ओढून खाऊन टाकतो, तेव्हा घाबरू नकोस.

पावसाळ्यात उलटं. आपल्याकडे जुलैत भिंतीसुद्धा ओल्या असतात, तेव्हा मातीवर पाण्याचा फवारा मारणं थांबव आणि बुरशी धरते का बघ. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र ऊब लागेल. हीट मॅट (विजेवर तापणारी पट्टी) थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमान आवरणाऱ्या यंत्राला जोडून डब्याच्या बाजूला लाव, तळाला कधीच नाही. गरम झालं की हा प्राणी खाली खणतो, आणि खालीच चटका असेल तर भाजतो.

खाणं रोज किंवा एक दिवसाआड, संध्याकाळी. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पाळलेले रातकिडे, पाळलेली झुरळं आणि गांडुळं, एवढ्यावर भागतं. घरातली झुरळं नकोत, त्यांनी कुठलं औषध खाल्लंय कुणास ठाऊक. उसाच्या फडातले किडेही नकोत, तिथे फवारणी असते. गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल गांडुळं घाण वासाचा रस सोडतात, बेडूक ती थुंकून टाकतो. बागेतली साधी गांडुळं धुऊन, तुकडे करून दे. रातकिड्यांना आदल्या दिवशी गाजर किंवा भोपळा खाऊ घाल, आणि देताना डी-३ जीवनसत्त्व असलेली कॅल्शियम पावडर भुरभुर. वाढीच्या वयात हे चुकलं की खालचा जबडा मऊ पडतो, तोंड मिटत नाही आणि भक्ष्य धरता येत नाही. रविवारी मटणाचा तुकडा द्यायचा मोह आजीलाही होईल. नको म्हणून सांग, मटणात कॅल्शियम जवळजवळ नसतं.

भरवायला प्लॅस्टिकचा किंवा रबरी टोकाचा चिमटा वापर. तो कडकडून चावतो, स्टीलवर त्याचाच जबडा दुखावेल. बोट तर पुढे करूच नकोस. थंडी असेल तेव्हा कमी दे, अंग गार असलं की अन्न पचत नाही आणि पोटात कुजतं. आठवड्याला एकदा सोनाराकडे असतो तसल्या छोट्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिही. पिल्लाचं वजन हळूहळू वाढत गेलं पाहिजे. दोन आठवड्यांत विष्ठा नाही आणि पोट कडक लागतंय, किंवा मांड्यांखाली लाली आली, तर घरगुती उपाय करत बसू नकोस, जनावरांच्या डॉक्टरांकडे ने.

हाताळणं फक्त डबा साफ करताना, तेही अँटी-क्लोरीनच्या पाण्याने हात ओले करून. साबणाचा अंशही हाताला नको. नंतर मात्र साबणाने धू, बेडकाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. त्या खोलीत डासांचा स्प्रे आणि कॉइल बंद.

हे प्राणी दहा-पंधरा वर्षं जगतात. कंटाळा आला तर रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडायचा विचार मनातही आणू नकोस. त्याच्या अंगावर बुरशीचा रोग असेल तर तो इथल्या बेडकांना मारू शकतो. त्यापेक्षा मला फोन कर, कुणीतरी सांभाळणारं शोधू.

आणि आजोबांना सांगून ठेव: गच्चीवरच्या टाकीत टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर टाकतील, त्याच्या आदल्या दिवशी तुला सांगायचं. दोन बाटल्या पाणी आधीच भरून ठेव.

तुझी,
आई