कारवारच्या बेट-सहलीबाबत तक्रार पत्र

अनगोळ, बेळगाव
दि. 9 फेब्रुवारी 2026

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सहल विभाग

विषय : 1 फेब्रुवारी 2026 च्या कारवार बेट-सहलीत झालेली दुखापत, सुरक्षेतली हयगय आणि खोटी जाहिरात

महोदय,

उद्यमबागेतल्या आमच्या शेडमधले कामगार, शेजारच्या शेडमधले मित्र आणि सगळ्यांच्या घरची मंडळी असे आम्ही माघ पौर्णिमेच्या रविवारी आपल्या कंपनीबरोबर कारवारला गेलो होतो. माणशी 2,600 रुपये आगाऊ भरले होते, पावती सोबत जोडली आहे. बुकिंग माझ्या नावावर आहे, म्हणून हे पत्र मी लिहीत असलो तरी खाली सह्या सगळ्यांच्या आहेत.

आधी पत्रकाबद्दल. मराठीत छापलेल्या रंगीत पत्रकावर 'चार बेटांची सफर' असं ठळक लिहिलंय : कुर्मगड, अंजदीव, लाइटहाऊस बेट आणि देवबाग. यातलं अंजदीव नौदलाच्या ताब्यात आहे. तिथे सामान्य माणसाला पाऊल टाकता येत नाही, ही गोष्ट कारवारचं शाळकरी पोरही सांगेल. देवबाग हा किनारा आहे, बेट नव्हे. लाइटहाऊस बेट नुसतं लांबून हाताने दाखवलं. म्हणजे चारांतलं प्रत्यक्षात पायाखाली आलं ते एकच, कुर्मगड. तिथलं नरसिंहाचं देऊळ पाहून आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना समाधान वाटलं, वाटेत डॉल्फिनही दिसले, जेवणातली बांगड्याची आमटी झकास होती. जे चांगलं ते चांगलं म्हणायला आमची हरकत नाही. उपासवाल्यांना कबूल केलेली साबुदाण्याची खिचडी आली नाही, पण ते सोडून देऊ.

सोडून देता येणार नाही ते पुढे आहे.

धक्क्यावर साडेनऊला होडी सुटणार होती. खानापुरात आम्हाला न विचारता आणखी एक गट गाडीत घेतला, त्यांची वाट बघण्यात वेळ गेला, मग अणशी घाटात एकाला उलट्या लागल्या. होडीत पाय ठेवायला बारा वाजून गेले. तुमच्या माणसाच्या मते उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही, 'समुद्र कुठं पळून जातोय?' समुद्र पळत नाही, पण पाणी हलतं. पौर्णिमेचं उधाण, दुपारी भरती संपून ओहोटी लागलेली, आणि त्याच वेळी समुद्रावरचा वारा किनाऱ्याकडे जोर धरतो. काळी नदीचं पाणी बाहेर ओढ घेतंय आणि वारा लाटांना आत ढकलतोय, अशा वेळी नदीच्या मुखावर लाटा आखूड होतात आणि उभ्या राहतात. हे मला आमच्या होडीच्या तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, परत येताना सांगितलं, तेही पोरं रडायला लागल्यावर. सकाळी ठरल्या वेळी निघालो असतो तर याच मुखावर पाणी इतकं उसळलं नसतं, असंही तो म्हणाला. तुमचं वेळापत्रक गाडीच्या सोयीने आखलेलं आहे, भरती-ओहोटीचा तक्ता त्यात कुणी उघडलेला दिसत नाही.

होडीच्या कडेला रंगात लिहिलं होतं : प्रवासी 15. आत आम्ही 23 होतो, शिवाय तांडेल आणि त्याचा मदतनीस. तांडेलाने आधी नको म्हटलं होतं, हे मी स्वतः ऐकलंय. तुमच्या माणसाने फोनवर कुणाशी तरी बोलून 'होऊ दे, जवळच तर जायचंय' असं सांगितलं आणि उरलेल्यांना आत ढकललं. त्यामुळे तुमच्या कार्यालयातून आता जे सांगितलं जातंय, की होडी स्थानिकाची, जबाबदारी त्याची, ते आम्हाला मान्य नाही. त्या गरीब माणसाला आम्ही एक रुपया दिलेला नाही. पैसे तुम्ही घेतले, पावतीवर शिक्का तुमचा आहे.

जॅकेटं होती. ती फोटोपुरती वाटली, मग नाळेखाली, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाखाली, ढीग लावून ठेवली. मी त्यातली काही उलटून पाहिली : कुठे बक्कल तुटलेलं, कुठे पट्ट्याऐवजी सुतळी. लहान मुलांच्या मापाचं एकही नव्हतं. कुर्मगडाला निघालेल्या होडीत असं चालतं याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं. 21 जानेवारी 2019 ला याच कुर्मगडाच्या नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी होडी उलटली आणि 16 माणसं गेली. त्या वेळच्या बातम्यांत होडीतली गर्दी आणि जॅकेटं हेच दोन विषय होते. त्या पाण्यावर धंदा करणाऱ्या कंपनीला हे आम्ही बेळगावहून येऊन सांगायचं का?

आता देवबागच्या जेट-स्कीबद्दल, म्हणजे पाण्यावर पळणाऱ्या मोटारसायकलीबद्दल. पत्रकात प्रत्येकाला फेरी फुकट होती. तिथे गेल्यावर कळलं, फुकट ती मागे बसण्याची, स्वतः चालवायची तर वेगळे पाचशे. माझ्या पुतण्याने पाचशे भरले. त्याला काय शिकवलं? 'हा दांडा दाबला की पळतं, सोडला की थांबतं.' एवढंच. हे अर्धवट आहे आणि म्हणूनच घातक आहे. जेट-स्कीला होडीसारखं सुकाणू नसतं. मागून पाण्याचा फवारा सुटतो आणि हँडल वळवलं की तो फवारा वळतो. रेस सोडली की फवारा बंद, म्हणजे वळणंही बंद. गाडी मात्र आहे त्या वेगाने सरळ जात राहते. घाबरलेला माणूस नेमका रेस सोडतो आणि मग हँडल पिळत बसतो. पुतण्याचं तेच झालं. नांगरलेली आमची होडी समोर आली, त्याने रेस सोडली, हँडल पूर्ण डावीकडे घेतलं, आणि जेट-स्की सरळ येऊन होडीच्या कडेला आदळली. कडेला हात ठेवून बसलेल्या आमच्या मित्राच्या आईचं उजवं मनगट मोडलं. पुतण्या पाण्यात पडला.

तो पडल्यावरही इंजिन चालूच होतं. मी यंत्रावरचा माणूस आहे, मला पहिला प्रश्न पडला की हे बंद का पडलं नाही. या गाडीला एक गुंडाळीची दोरी असते. एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला, दुसरं स्विचला. माणूस पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन थांबतं. मशीन किनाऱ्याला ओढून आणल्यावर मी पाहिलं, तर दोरी मनगटाची सोडा, हँडललाच गाठ मारून पक्की बांधलेली. गाठ जुनी होती, मिठाने कडक झालेली. पॉवर प्रेसच्या सेफ्टी स्विचला तार गुंडाळून माल उरकणारा मालक असतो ना, तसला हा प्रकार. आमच्याकडे अशाने बोटं जातात. गाठीचा फोटो मी काढलेला आहे, सोबत जोडला आहे. 'पाण्यात असं होतंच' म्हणणाऱ्या तुमच्या माणसाने तो जरूर बघावा.

आणि सगळ्यात वाईट प्रकार यानंतरचा. दुखापत झालेल्या मावशींना घाईने पहिल्या होडीतून पलीकडे नेलं. त्या गडबडीत कोण कुठल्या होडीत चढलं याचा मेळ राहिला नाही. संध्याकाळी धक्क्यावर आमचा एक फिटर सापडेना. खानापूरच्या गटातल्या कुणी सांगितलं तो शेवटच्या होडीत होता, दुसरा म्हणाला तो देवबागलाच उतरलेला दिसला. तुमच्या माणसाकडे यादी मागितली. त्याने खिशातून काढली ती पैसे कुणाचे आले, कुणाचे बाकी याची यादी! होडीत कोण बसलं, याचा कागद नव्हताच. अंधार पडत आलेला, फिटरची बायको पाण्याकडे तोंड करून हाका मारतेय, आणि कंपनीच्या माणसाला छातीवर हात ठेवून सांगता येईना की पाण्यावर आपलं कुणी राहिलंय की नाही. फिटर गाडीत मागच्या सीटवर झोपलेला निघाला. नशीब म्हणायचं. पण तो खरंच पाण्यात असता तर तुम्हाला ते कधी कळलं असतं? तुम्ही डोकी मोजलीत ती पैसे घेताना. होडीत बसवताना मोजली नाहीत, उतरवतानाही नाहीत.

मावशी वडगावात राहतात, घरच्या मागासाठी धाग्याच्या कांड्या भरतात. उजव्या हाताला प्लास्टर, डॉक्टरांनी दीड महिना हात हलवायचा नाही असं सांगितलंय. पत्रकात 'विमा समाविष्ट' असं छापलंय म्हणून आम्ही पॉलिसीचा नंबर मागितला. उत्तरादाखल व्हॉट्सअ‍ॅपवर पुढच्या महिन्यातल्या सहलीचं पोस्टर आलं.

अटींचा कागद नंतर ईमेलने पाठवलात, तोही इंग्रजीत, बारीक अक्षरात. त्यात 'प्रवासी स्वतःच्या जोखमीवर' आहे आणि वाद तुमच्या मुख्य कार्यालयाच्या गावीच चालेल असंही आहे. जाहिरात आम्हाला समजेल अशा भाषेत आणि अटी कुणाला समजू नयेत अशा, हे आम्ही मनात नोंदवून ठेवलंय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं, आणि तो आयोग बेळगावात आहे. आमच्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही नाही, मुदत दोन वर्षांची आहे. ऑनलाइन दाखल करायचं कसं, हेही आमच्या पोरांनी बघून ठेवलंय.

तिथपर्यंत जायची आम्हाला हौस नाही. मावशींच्या उपचाराचे आजवरचे 6,850 रुपये, पुढचा औषधाचा खर्च आणि बुडालेल्या दीड महिन्याच्या कामाची भरपाई आधी द्या. यात घासाघीस करणार नाही. न दाखवलेल्या बेटांपोटी आणि जेट-स्कीपोटी माणशी 1,000 रुपये परत करा, पुतण्याचे पाचशे धरून. विम्याची प्रत पाठवा. पॉलिसी काढलेलीच नसेल तर तसं लिहून द्या. आणि पुढच्या गटासाठी काय बदललंत तेही कळवा : प्रत्येक होडीची नावानिशी यादी आणि तिची एक प्रत धक्क्यावर, होडीवर लिहिलेल्या आकड्याबाहेर एकही माणूस नाही, जॅकेट अंगात असल्याशिवाय होडी सुटणार नाही, आणि त्या जेट-स्कीची दोरी हँडलवरून सोडवून मनगटावर. पैसे मिळाले म्हणून ही शेवटची मागणी आम्ही मागे घेणार नाही, कारण पोस्टरवर पुढच्या सहलीची तारीख छापलेली आहे आणि त्या होडीत आमच्याच गल्लीतली माणसं असतील.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावं. मराठीत द्या, कन्नडमध्ये दिलंत तरी चालेल, आम्ही दोन्ही वाचतो. फोनवर 'बघूया' ऐकून घ्यायला आता कुणी मोकळं नाही.

आपला,
गटाच्या वतीने बुकिंग करणारा ग्राहक

सोबत : पैसे भरल्याची पावती, जाहिरातीचं पत्रक, होडीवरच्या आकड्याचा आणि जेट-स्कीच्या दोरीचा फोटो, एक्स-रे व औषधांची बिलं, गटातील सर्वांच्या सह्या